काशाची वाटी आणि समुद्राचा तळ

भिंगारमध्ये राहून समुद्राच्या तळाचं काम करते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघतात. नगर जिल्ह्यात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि ही म्हणे समुद्र सांभाळते. पूर्वी मी समजावून सांगायचे. आता सांगत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या काकूंना एकदा परस्पर सांगून टाकलं, "ती समुद्राच्या तळाची राखन करती," आणि तेवढ्यावर गल्लीचं समाधान झालं. राखणीचं काम सगळ्यांना समजतं.

खरं तर ते राखणीपेक्षा संशय घेण्याचं काम आहे. एका लांबच्या समुद्रात तळावर जाड केबल टाकलेली आहे आणि तिला जागोजागी सेन्सर जोडलेले आहेत. एखादा पाण्याचं तापमान सांगतो, एखादा खारटपणा, एखादा पाण्यात प्राणवायू किती आहे ते. ते आकडे केबलमधून किनाऱ्यावर येतात आणि तिथून कुठे कुठे फिरून आमच्या वरच्या खोलीतल्या संगणकावर. त्यांच्या रेघा होतात. मी त्या रेघा बघते आणि तुकड्या-तुकड्यावर शेरा मारते: चांगला, बहुधा चांगला, संशयास्पद, वाईट. आकडा कितीही वाईट असला तरी पुसायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. शेरा मारायचा आणि त्याला आहे तिथे राहू द्यायचं.

दुसरी गोष्ट नियमात नाही, पण ती कळल्याशिवाय हे काम जमत नाही. सेन्सर बिघडला हे सेन्सरला कळत नसतं. त्याच्यावर शेवाळ चढो, शिंपले बसोत, तो आपला सांगतच राहतो. तिकडे जहाज जातं ते फार क्वचित, आणि तोवर खाली उतरून बघणारं कुणी नाही. तेव्हा नुसत्या आकड्यांवरून ओळखायचं की हा खरंच मोजतोय की सवयीने बोलतोय.

हे काम मी पुण्यातल्या एका ऑफिसात बसून करत होते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आई गेली, तेव्हा आले आणि राहिले. आप्पा एकटे पडले, त्यांना सोबत हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं. आप्पांनी मात्र मला राहा म्हटलं नव्हतं. खरं म्हणजे आई गेल्यावर मला काही वाटलंच नाही, आणि काही वाटतच नसलं की पुणे काय आणि भिंगार काय. दहाव्याला नात्यातल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. एकीने तर माझी पाठ चोळून चोळून सांगितलं, "रड गं बाई, मोकळी हो." मी तिच्या खांद्यावरून दारातल्या चपलांचा ढीग बघत होते आणि त्यात माझी कुठली ते शोधत होते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला त्यांचा रागही आला नाही.

आप्पांचं माझ्याहून वेगळं नव्हतं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. पूर्वी ठिणगी बुटात शिरली तर त्या ठिणगीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते. भाजी कशी झालीय? ठीक हाय. झोप लागली? ठीक हाय. गोळी घेतली? ठीक हाय. या शेवटच्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं, पण मीही पुढे विचारत नव्हते. एका घरात दोन माणसं 'ठीक हाय' म्हणत राहत होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की इथे सगळं सुरळीत चाललंय.

आप्पांना शुगर आहे, खूप वर्षांची. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आलं की ते दुपारी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय टेकवून स्टुलावर बसतात. विचारलं तर म्हणाले, "तळपायाची जरा आग हुती." आप्पांच्या तोंडी 'जरा' आलं म्हणजे ती बरीच असणार. मी डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, ते उद्या म्हणाले. तो उद्या उगवायच्या आधी आत्या उगवली.

आत्या म्हणजे आप्पांची मोठी बहीण. घोडेगावकडे असते. नवऱ्याचा जनावरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा होता, त्यामुळे दुखणं कुठलंही असो, आत्या आधी पायाकडे बघते. "जनावर काय त्वांडानं सांगतंय व्हय? खुराकडं बगावं," असं तिचं शास्त्र. एसटीतून उतरली ती पिशवीत काशाची वाटी घेऊनच. आप्पांना पलंगावर आडवं केलं, तळपायांना गाईचं तूप चोपडलं आणि वाटीच्या बुडाने घासायला लागली. घर्रक घर्रक. थोड्या वेळात तूप काळं झालं. आत्याने ते काळं बोटावर घेऊन आधी मला दाखवलं, मग शेजारच्या काकूंना हाक मारून त्यांना दाखवलं.

"बग, किती उष्नता निगाली! एवडी अंगात घिऊन बसला हुता ह्यो."

आत्याला घाई होती आणि त्या घाईला कारण होतं. मी लहान असताना एकदा तापाने पार गेल्यात जमा झाले होते. तेव्हा आईने देवीला नवस बोलला होता की पोर वाचली तर जन्मभर नवरात्राचे नऊ दिवस पायात चप्पल घालणार नाही. पोर वाचली. आई दरवर्षी त्या दिवसांत अनवाणी बाजारात जायची, अनवाणी दळण आणायची, आणि पहिल्या माळेला भिंगारच्या टोकाच्या देवीला अनवाणी चालत जाऊन ओटी भरायची. ती गेली त्या वर्षी सुतकाचं वर्ष म्हणून घरात सण नव्हता. पुढच्या वर्षी मात्र आप्पांनी आत्यासमोर जाहीर केलं, "तिचा नवस मी चालवनार. नऊ दिस अनवानी."

"माझ्यासाठी बोललेला नवस," मी म्हणाले. "मी आता चाळिशीला आले, आप्पा. वाचले मी."

"म्हनून तर फेडायचा," आप्पा म्हणाले.

आप्पांनी आई गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. त्यामुळे मी गप्प बसले आणि आत्या वाटी घेऊन कामाला लागली. नवरात्रापर्यंत भावाचे पाय ठणठणीत करायचे असा तिने विडाच उचलला होता. रोज संध्याकाळी घर्रक घर्रक. रोज तूप काळं. आणि काही आठवड्यांनी एके दिवशी आप्पा म्हणाले, "आक्का, आग थांबली." आत्याने देवापुढे साखर ठेवली. मलाही बरं वाटलं, म्हणजे बरं वाटायला हवं असं वाटलं.

त्याच सुमाराला वर खोलीत माझं एका प्राणवायूच्या सेन्सरशी वाजलं होतं. हा गडी एरवी फार चंचल. भरती-ओहोटीबरोबर त्याची रेघ वर-खाली व्हायची, मध्येच फुरंगटायची. मग ती हळूहळू शांत झाली. इतकी गुळगुळीत, की बघत राहावी. आकडे सगळे मर्यादेत होते. संगणकाच्या ज्या आपोआप चाचण्या असतात त्या सगळ्यांतून तो पास झाला होता. रेघ अगदीच सपाट असती तर संगणकाने ओरड केली असती, पण ती सपाटही नव्हती, नुसती सुरेख होती. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, "इतका चांगला डेटा येतोय, द्या ना चांगला शेरा. तिकडचे लोक खूश आहेत." मी जवळच्या दुसऱ्या सेन्सरची रेघ शेजारी ठेवून बघितली. तो पूर्वीसारखाच भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होत होता. तेच पाणी, आणि एकाला त्याचं काहीच नाही. मी 'संशयास्पद' असा शेरा मारला. साहेब म्हणाले, तुम्हाला चांगलं बघवतच नाही. त्यात थोडं तथ्य आहे.

नशिबाने त्या मोसमात जहाज तिकडे होतं. त्यांनी खाली कॅमेरा सोडला आणि फोटो पाठवला. सेन्सर गाळात पार बुडाला होता. तळावरचा गाळ सरकून त्याच्यावर बसला होता आणि तो आत बसून इमानेइतबारे गाळाचं माप सांगत होता. बाहेरच्या पाण्यात काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नव्हता. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. खालून आवाज येत होता, घर्रक घर्रक.

मी खाली गेले. आत्याने सवयीने बोट पुढे केलं. तूप काळं होतं. पहिल्या दिवशी होतं तितकंच काळं.

"आत्या, आग थांबून किती दिवस झाले?"

"झालं की बरंच."

"मग ही उष्णता अजून कुठून निघतेय?"

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले होते. मी वाटी घेतली, स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर तुपाचं बोट लावलं आणि बसून घासायला लागले. फरशीवरचं तूप काळं झालं. मी ते तिला दाखवलं. आत्या क्षणभर विचारात पडली. क्षणभरच.

"फरशीत बी उष्नता असतीच की. दिसभर ऊन खाती ती."

वाटी तिच्या जागी बरोबर होती. तिला काळं करणं येतं, ती काळं करत होती. मला मात्र काहीतरी खटकलं होतं. आग थांबणं म्हणजे बरं होणं, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. दुसऱ्या दिवशी मी आप्पांना रिक्षात घालून नगरला डॉक्टरांकडे नेलं. आत्याही सोबत आली, कारण तिला न घेता गेलो असतो तर ते तिने आमच्या तेराव्यापर्यंत काढलं असतं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. बाहेर गर्दी होती, पण त्या घाई करत नव्हत्या. त्यांनी आप्पांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा हातात घेतला. "हा मी पायाला ठिकठिकाणी टेकवणार. कळलं की हो म्हणायचं."

अंगठ्याला टेकवला. "हो." चवड्याला टेकवला. "हो." टाचेला. "हो." दुसऱ्या पायाला. "हो." आत्या माझ्याकडे विजयाने बघायला लागली. डॉक्टरांनीही मान डोलावली. मी आप्पांचा आवाज ऐकत होते. एका सुरात, सारख्या अंतराने येणारा तो 'हो'. डॉक्टर पुढे वाकल्या की त्यांची खुर्ची करकरायची आणि मग 'हो' यायचा. टाचेच्या जाड कातडीवरही तसाच आणि बोटांच्या बेचक्यातही तसाच. कुठे अडखळणं नाही, कुठे 'जरा' नाही. इतकी सुंदर रेघ मी नुकतीच बघितली होती.

मी हळूच डॉक्टरांना खूण केली, की एकदा न टेकवता बघा. त्यांना लगेच कळलं. त्या वाकल्या, खुर्ची करकरली, आणि दोरा हवेतच धरला.

"हो," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा तसंच केलं, आणि पुन्हा 'हो' आलं. मग त्यांनी दिवा जवळ ओढला आणि पाय नीट उलटा करून बघितला. घासून घासून तळव्याची कातडी पातळ झाली होती. टाचेला एक भेग होती आणि त्या भेगेत हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा रुतून बसला होता. भोवती पू झाला होता. तो खडा घेऊन आप्पा किती दिवस चालत होते, देव जाणे. आत्याने तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी खडा काढला, जखम धुतली आणि स्पष्ट सांगितलं. आग थांबली ती पाय बरा झाला म्हणून नाही, पाय बधिर झाला म्हणून. यापुढे काटा लागला, भाजलं, चिरलं, तरी यांना कळणार नाही. अशी जखम हाडापर्यंत गेली तर पाय वाचत नाही. "मऊ तळाची चप्पल घ्यायची. घरातसुद्धा अनवाणी नाही. एक पाऊलही नाही." आप्पा म्हणाले, "ठीक हाय."

परत येताना रिक्षात मी विचारलं, "कळत नव्हतं तर हो कशाला म्हणत होता?"

"तिनंच सांगितलं की, हो म्हना."

"आप्पा."

ते रस्त्याकडे बघत राहिले. भिंगारचा नाला मागे पडल्यावर म्हणाले, "न्हाई म्हन्लं असतं तर चप्पल घालायला लावली असती तिनं. नवरात्र आलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आग हुती तवा डोळ्याला डोळा न्हवता. आता काय कळतच न्हाई. बरंय की. तुझं बी तसंच हाय न्हवं?"

आत्या आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. ती एरवी कशालाही उत्तर देते, पण तेव्हा तिने पिशवीची नाडी उगाच बांधली आणि सोडली. मला आप्पांचा राग आला नाही, वाईट वाटलं नाही. फक्त त्यांना हे कळलं होतं याचं नवल वाटलं. मला वाटत होतं, माझी रेघ बाहेरून तरी बरी दिसते.

जखम भरली. मऊ चप्पल आली. आप्पा ती घालत, आणि नवरात्राचा विषय निघाला की गप्प बसत. त्यांचं गप्प बसणं मला पाठ आहे. ते ऐकणार नव्हते. मी भांडून बघितलं, डॉक्टरांचं नाव घेऊन बघितलं, पाय गेला तर तुमचं मी करणार नाही असंही म्हणाले, ते त्यांनाही खरं वाटलं नाही आणि मलाही नाही. शेवटी सौदा झाला. नऊ दिवस नाही, फक्त पहिल्या माळेला देवळापर्यंत. आणि तेही पायात जाड मोजे घालून. मोजे घातले तर अनवाणी धरायचं की नाही, हा प्रश्न आत्याकडे गेला. आत्याने डोळे मिटून विचार केला आणि निवाडा दिला, "देवीला चामडं चालत न्हाई. सूत चालतं."

पण मोज्यांनी काच अडत नाही आणि तापलेलं डांबर अडत नाही. त्यावर उपाय मला माझ्या कामातूनच सुचला. एखाद्या सेन्सरचा भरवसा वाटेनासा झाला की जहाजावरचे लोक खात्रीचा एक सेन्सर त्याच्या शेजारी नेऊन ठेवतात, आणि तो काय सांगतो ते धरून चालतात.

"मी पुढे चालेन," मी म्हणाले. "अनवाणी. मी जिथे पाय ठेवेन तिथेच तुम्ही ठेवायचा. चटका बसला, खडी लागली, मी सांगेन."

"तुझा देवीवर इश्वास कुटं हाय?"

"पायाला विश्वास लागत नाही."

आप्पांना ते पटलं असावं. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी लवकर, रस्ता गार असताना निघायचं ठरलं. पण घट बसवताना आत्याला काही ना काही कमी पडत गेलं. माती आणली तर सात धान्यांतलं एक राहिलं, ते आलं तर पत्रावळ हरवली. आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. नवरात्रातलं नगरचं ऊन पाऊस गेल्याचा सूड घेत असतं. ओटीचं सामान माझ्या हातात आणि मागे आप्पा, पांढऱ्या मोज्यांत.

लहानपणानंतर मी रस्त्यावर अनवाणी चालले नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंट होतं ते ठीक होतं. पुढे डांबर लागलं.

"गरम आहे. कडेने या."

आप्पा कडेने आले. "हितं?"

"इथे सावली आहे. बरं आहे. पुढे बारीक खडी आहे, डावीकडून."

"लई टोचती का?"

"टोचते."

असे आम्ही चाललो. पुढे आईच्या ओळखीच्या एका बाईंनी हाक मारून विचारलं, काय गं, बापाला चालायला शिकवते का. आप्पा हसले. पाइपलाइनसाठी रस्ता खोदून नुसताच बुजवलेला एक तुकडा लागला, तिथे सगळा पांढरा फुफाटा होता. आप्पा माझ्या पावलाचा ठसा बघून त्यावर पाऊल टाकत होते. आई दरवर्षी इथून अशीच गेली असेल, डोक्यावर पदर घेऊन, माझ्यासाठी. हे माझ्या मनात आलं आणि आलं तसं गेलं. आत कशालाच धक्का लागला नाही. देवळाचा झेंडा दिसायला लागला होता.

तेवढ्यात माझ्या पायात काहीतरी गेलं. फुफाट्याखाली फुटक्या बशीचा तुकडा असावा. मी थांबले नाही. देऊळ समोर होतं आणि माझ्या मागे एक म्हातारा माणूस कितीतरी दिवसांनी हसून चालत होता.

"हितं कसं हाय?" आप्पांनी मागून विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "या."

मी आणखी चार पावलं गेले. मागून आवाज येईना म्हणून वळून बघितलं, तर आप्पा जागेवर उभे होते. एक पाय उचललेला, टाकायचा राहिलेला. ते खाली बघत होते. पांढऱ्या मातीवर माझी पावलं उमटली होती आणि प्रत्येक उजव्या पावलात रक्त होतं.

"हे ठीक हाय?"

"थोडंसं लागलंय. चला."

"हे ठीक हाय?" आप्पा ओरडले. आई गेल्यापासून त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "तुज्या शब्दावर पाय टाकतोय मी. आन तू मला खोटं सांगती?"

खोटं सांगायचं असं ठरवून मी सांगितलंच नव्हतं. विचारलं आणि तोंडातून आलं. त्या दवाखान्यात आप्पांचं 'हो' आलं होतं तसंच आलं.

बंद दुकानाच्या पायरीवर आप्पांनी मला बसवलं आणि स्वतः खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. वेल्डरची जाड, डागाळलेली बोटं. त्यांनी तुकडा चिमटीत धरून उपसला, आपला एक मोजा काढून जखमेवर गच्च दाबून धरला, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आता खरं सांग. दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हणाले. "लई दुखतंय, आप्पा."

आणि मी रडायला लागले. दहाव्याला जे रडायचं होतं ते भिंगारच्या भर रस्त्यावर, ओटीचा नारळ मांडीत धरून, मोठ्याने. मला आई हवी होती. ती अनवाणी कुठे कुठे चालली आणि मी एकदाही तिच्याबरोबर गेले नाही. पायाची आग सरळ डोक्यापर्यंत येत होती. आप्पांनी गप्प हो म्हटलं नाही, मोकळी हो असंही म्हटलं नाही. पाय धरून बसून राहिले. त्यांचा एक तळवा आता उघडाच तापल्या रस्त्यावर टेकला होता, आणि ते मला दिसत होतं, त्यांना कळत नव्हतं.

"आप्पा, तुमचा पाय उचला. खाली चटका आहे."

त्यांनी आपल्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं, मग तो उचलून पायरीवर ठेवला. एका हाताने मोजा दाबून धरत दुसऱ्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि आत्याला फोन लावला.

"आक्का, माजी चप्पल घिऊन ये… न्हाई, देवळात न्हाई पोचलो. अलीकडंच हाय… पोरीच्या पायाला लागलंय. व्हय, लई दुखतंय तिला." पलीकडून आत्याने काहीतरी विचारलं. "माजा? माजं मला कळत न्हाई, आक्का. म्हनून तर चप्पल मागतोय."